शेजारच्या वाडीतला पोरगा आणि मंगळवारचा गट

पत्र:

ताई, मी देवगड तालुक्यातली. सध्या रत्नागिरीत एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. गेल्या सेमिस्टरला एका विषयात केटी लागली. तेव्हापासून धड झोप नाही, मेसमध्ये ताटावर बसवत नाही. आईने दिलेल्या आंबोळ्या डब्यातच आंबून गेल्या, डबा उघडायचंही सुचलं नाही. बाबांची हापूसची कलमं आहेत. यंदा अवकाळी पावसात मोहर गळला, आणि त्यात माझी फी. कधी कधी वाटतं, रात्री झोपावं आणि सकाळी उठूच नये. घरी किती पेट्या झाल्या हे विचारायलाही फोन करवत नाही.

कॉलेजच्या समुपदेशक मॅडमकडे दोनदा जाऊन आले. त्या म्हणाल्या, दर मंगळवारी चार वाजता आठ मुलांचा गट सुरू करतेय, ग्रुप थेरपी, तू ये. मला वाटलं, एकेकाला द्यायला वेळ नाही म्हणून सगळ्यांना एकत्र कोंबतायत. आठ अनोळखी लोकांसमोर काय बोलू? आणि अनोळखी तरी कुठले! मॅडमच्या खोलीबाहेर बाकावर आमच्या शेजारच्या वाडीतला मुलगा बसलेला. तोही त्याच गटासाठी. त्याची आई आणि माझी आई एकाच बचत गटात. मैत्रीण म्हणते, रत्नागिरीत राहून असलं काही करू नको, लोक काय बोलतील माहीत आहे ना. आईला नुसतं 'बरं वाटत नाही' म्हटलं तर म्हणाली, "देवाक गाऱ्हाणा घालूया, पण कोणाक सांगा नको." काय करू?

उत्तर:

गटाचं नंतर. आधी एका ओळीशी थांबते. 'रात्री झोपावं आणि सकाळी उठूच नये' ही ओळ तू मोहर आणि पेट्यांच्या मध्ये अशी सरकवली आहेस की वाचणाऱ्याने ती ओलांडून पुढे जावं. मला ती ओलांडता आली नाही.

दमून दमून 'आता नको हे सगळं' वाटणं वेगळं आणि जीव द्यावासा वाटणं वेगळं. तुझं यातलं कुठलं, ते मला पत्रावरून ओळखता येणार नाही, तुलाच स्वतःला विचारायला लागेल. कसं, कधी, असले विचार मनात येत असतील तर मंगळवारची वाट बघू नको. आज रात्रीच रूममेटला सांग की मला एकटीला सोडू नको. आणि १४४१६ हा नंबर लाव. ही सरकारची टेली मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. दिवसरात्र कधीही लागते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि विचार त्या टोकाला गेलेले नसले तरी मॅडमना ही ओळ जशीच्या तशी सांग. दोनदा गेलीस, पण हे बोलली नसणार असा माझा अंदाज आहे. बोलली असतीस तर त्यांनी मंगळवारपर्यंत थांबवलं नसतं, आधी तुझ्याशी एकटीशी बसल्या असत्या. अशी गोष्ट उच्चारली की ती वाढते असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. बोललं की उलट जरा सैल होतं.

आणखी एक. झोप आणि भूक दोन्ही इतके दिवस गेलेली असतील तर साध्या डॉक्टरलाही दाखव. हिमोग्लोबिन, थायरॉइड एकदा बघून घेऊ देत. आपल्याकडच्या मुलींचं रक्त कमी असणं काही नवलाचं नाही, आणि थायरॉइड बिघडलं तरी माणूस असाच मलूल होतो. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं, औषध दिलं, तर ते घे. औषध चालू असताना गटात जाता येतं, एकाने दुसरं अडत नाही.

आता तो मुलगा.

तुझी धास्ती मी हसण्यावारी नेणार नाही. या विषयावरचे शहरी लेख वाचले की वाटतं, लाज टाकली की काम झालं. ते लिहिणाऱ्यांना एसटीचा कंडक्टर 'बाबांचा पाय कसा आहे' असं विचारत नसणार. आपल्याकडे सकाळी सड्यावर झालेली गोष्ट दुपारच्या गाडीने बंदरावर पोचलेली असते, आणि वाटेत तिला दोन पानं जास्तीची फुटलेली असतात. चार चुली पलीकडचा पोरगा समोर बसलेला असताना मन मोकळं कर म्हणणं म्हणजे भर आळीत लाउडस्पीकर लावून बोल म्हणण्यासारखं आहे.

इथे माझीच एक चूक सांगते. नोकरीत असताना मी कॉलेजच्या मुलांचे गट घ्यायची. एका वर्षी एक मुलगी यायची, वेळेवर यायची, आणि एसटीच्या पासाच्या प्लास्टिकची कड नखाने सोलत बसायची. दीड तास तेवढंच. मी मनात म्हटलं, लाजरी आहे, खुलेल हळूहळू. पाच आठवडे ती कड सोलली गेली, सहाव्या आठवड्याला ती आलीच नाही. पुढे कळलं, गटातली दुसरी एक मुलगी तिची आतेबहीण होती. आडनावं वेगळी, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही. प्रत्येकीला मी 'तुला काय त्रास होतो' हे विचारलं होतं. 'इथे तुला ओळखणारं कुणी आहे का' हे एकीलाही विचारलं नव्हतं. त्यानंतर माझा पहिला प्रश्न तोच असायचा.

तुझ्या मॅडमनी तो विचारला नसेल तर तू होऊन सांग. सोमवारी जा आणि म्हण, "अमुक मुलगा आमच्या शेजारचा आहे, त्याच्यासमोर मला बोलता येणार नाही." एवढंच. कारणं देत बसू नको. दोघांतल्या एकाला दुसऱ्या गटात घालता येतं, नाहीतर तुझं काही दिवस एकटीचं चालू ठेवता येतं. ही काही खास मागणी नाही. गट सुरू करण्याआधी प्रत्येकाला वेगळं भेटून कोण कुठे बसेल हे ठरवणं गट घेणाऱ्याच्या कामातच येतं.

पण त्याआधी त्या बाकाकडे त्याच्या बाजूनेही एकदा बघ. तू त्याला पाहिलंस तसं त्यानेही तुला पाहिलं. त्याची आई त्याच बचत गटात. आणि 'मुलगा असून रडतो' हे ऐकायची भीती त्याला तुझ्याहून जास्तीची. त्यानेही ही बातमी वाडीवर नेलेली नाही, नाहीतर आईने तुला एव्हाना चारदा फोन केला असता. मॅडमच्या मध्यस्थीने तुम्ही दोघांनी एकदा ठरवून टाकलंत की घरी यातलं अक्षर जायचं नाही, तर तो समोर बसलेला चालेलही कदाचित. चालेल की नाही हे मात्र तू ठरवायचं, मॅडमनी नाही आणि मीही नाही.

बातमी बाहेर जाणार नाही याची खात्री किती? खरं ते सांगते. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याने उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचं बंधन घातलंय. जिवाला धोका असेल तर ते सैल होतं, आणि तसं व्हायलाच हवं. पण गटातल्या बाकीच्या सात जणांना असं काही बंधन नाही. ते दिलेल्या शब्दाला जागतील तेवढंच. म्हणून मॅडमना आधीच विचारून घे: तुम्ही नोंदी ठेवता का, त्या कोण बघतं, प्राचार्यांकडे काही जातं का, घरी कधी कळवता? चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नांचा राग येत नाही. आला, तर तेही आधी कळलेलं बरं.

आणि बोलताना एक पथ्य पाळ. आपलं सांग, घरचं नको. बाबांवर सोसायटीचं किती कर्ज आहे हे गटाला कळायचं कारण नाही. ताट समोर आलं की पोटात गोळा येतो, एवढं सांगितलंस तरी पुष्कळ. व्हॉट्सॲपचा ग्रुप मात्र करायचा नाही. पहिल्याच दिवशी कुणीतरी उत्साही प्राणी तो काढतोच, आणि दोन आठवड्यांत त्यात सुप्रभातची फुलं आणि कोण रडलं याची चर्चा एकत्र येते. एसटी स्टँडवर समोरासमोर आलात तर ओळख दाखवायची की नाही, हेही आधीच ठरवून टाका. क्षुल्लक वाटेल, पण खटके अशाच जागी उडतात.

'वेळ नाही म्हणून कोंबतायत' हा तुझा संशय अगदीच खोटा नाही. एक समुपदेशक आणि शेकड्यांनी मुलं, असंच चित्र बहुतेक ठिकाणी आहे. पण या पद्धतीचा जन्मच अडचणीतून झाला. १९०५ साली बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरकडे क्षयाचे गरीब रोगी यायचे. सॅनेटोरियम त्यांना परवडायचं नाही. मग त्याने त्यांचा आठवड्यातून एकदा वर्ग भरवायला सुरुवात केली. विश्रांती, मोकळी हवा, आहार, रोजची नोंदवही, एवढाच अभ्यासक्रम. पण एकमेकांत बसून रोग्यांचा धीर वाढतोय, हे त्याच्या लक्षात आलं. आपल्याकडे पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली निघालं. तिथे व्यसन सोडणाऱ्यांचे गट बसतात, त्यांच्या घरच्या बायकांचेही बसतात. आणि आजवरच्या अभ्यासांत नैराश्य, चिंता यांवर गट आणि एकेकट्याचं समुपदेशन जवळजवळ सारखेच उतरलेत. तेव्हा तुला दुय्यम माल दिलाय असं समजू नको.

मात्र 'ग्रुप थेरपी'च्या नावाखाली काय चाललंय ते बघून घे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. चांगलं झालं. पण काही ठिकाणी याचा अर्थ सभागृहात बॅनर, पाहुण्यांना शाल-नारळ, दोन तास 'सकारात्मक रहा' आणि शेवटी ग्रुप फोटो, असा लावतील अशी मला भीती आहे. फोटो निघाला की समज, ही ग्रुप थेरपी नव्हे. सहा ते दहा माणसं, तीच माणसं, तोच वार, तीच वेळ, दीडएक तास, आणि हे काम शिकलेली एक व्यक्ती, असं असेल तर बस.

आत काय होतं ते सांगते. आम्हाला प्रशिक्षणात स्वतः गटात बसावं लागायचं. गोल मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या एकीचा पाय अधू, आणि मी नेमकी तिच्यावर. पहिली दहा मिनिटं कुणी बोलेना. पंख्याचा खटखट आवाज तेवढा. मी भिंतीवरच्या पालीकडे इतकी निरखून बघत होते की आजही ती पाल मला काढून दाखवता येईल. मग पन्नाशीचा एक गृहस्थ म्हणाला, "मला रविवारी दुपारनंतर पोटात कालवतं." बस, एवढंच. ना आई-बापाची गोष्ट, ना मोठं दुःख. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मलापण." दोन आठवडे मी बोललेला तो एकच शब्द.

अर्व्हिन यालोम या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने गट कशामुळे उपयोगी पडतो याची अकरा कारणं मांडली आहेत. सगळी तुझ्यापुढे ओतत नाही. हा 'मलापण' त्यातलाच एक. दुसरं एक तुझ्यासाठी मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. फी, पेट्या, केटी, आईला न लावलेला फोन. सगळीकडे तू स्वतःला घरावरचं ओझं समजतेस. एकट्या समुपदेशकासमोर बसलीस की तिथेही तू घेणारीच असतेस, त्या देतात आणि तू घेतेस. गटात तसं नसतं. एखाद्या मंगळवारी दुसरं कुणीतरी म्हणेल, मला मेसमध्ये जाववत नाही, आणि तू म्हणशील, मी भाजी नुसती पोळीत गुंडाळून बाहेर पायरीवर बसून खाते, बघ जमतंय का. पुढच्या मंगळवारी ते येऊन सांगतील, जमलं. त्या दिवशी तू कुणाच्या तरी कामी आलेली असशील, आणि ते तुला दुसऱ्याच्या तोंडून कळलेलं असेल. मॅडमनी तुला शंभरदा 'तू ओझं नाहीस' म्हटलं तरी ते असं पोचणार नाही. मी तुला जा म्हणतेय ते मुख्यतः यासाठी.

पहिले दोन मंगळवार नुसतं ऐकलंस तरी चालेल. 'मी आज ऐकणार आहे' एवढं एकदा सांगून टाक, म्हणजे तुझ्या गप्प बसण्याचे कुणी अर्थ काढत बसणार नाही. पहिल्या एकदोन बैठकींनंतर रात्री आणखी जड वाटण्याचा संभव आहे. दुसऱ्यांची दुःखं अंगावर आलेली असतात, सवय नसते. तसं झालं तर पुढच्या मंगळवारी तेच बोल. चार बैठका झाल्यावरही नकोसंच वाटलं तर सोड, पण गायब होऊ नको. येऊन सांग की मी थांबतेय. ती पास सोलणारी मुलगी मला अजून आठवते, म्हणून म्हणतेय.

'रत्नागिरीत राहून असलं काही' म्हणणाऱ्या तुझ्या मैत्रिणीचं मला नवल वाटत नाही. राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत, बाकीची ठाणे, येरवडा आणि नागपूरला. 'ह्याला आता रत्नागिरीला धाडायला हवा' ही थट्टा ऐकतच आपण सगळे मोठे झालो. एका अख्ख्या शहराच्या नावाची आपण शिवी केली. तिला सांग, कॉलेजच्या मंगळवारच्या गटाचा आणि तिथल्या भरतीचा सुतराम संबंध नाही. आणि त्या रुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग असतो, लोक येतात, औषध घेतात, दुपारच्या गाडीने घरी जातात. तिला नाहीच पटलं तर राहू दे. तिची समजूत घालायची जबाबदारी तुझी नाही.

राहता राहिली आई. तिला खोडून काढू नको. गाऱ्हाणं कसं घालतात ते तू लहानपणापासून बघितलंयस. गावकर उभा राहून कुणाची तरी अडचण देवापुढे मोठ्याने मांडतो आणि जमलेली सगळी माणसं दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. गुपचूप घातलेलं गाऱ्हाणं मी तरी ऐकलेलं नाही. तेव्हा आईचा पहिला अर्धा सल्ला मला पटतो, दुसरा अर्धा नाही. ती गाऱ्हाणं घालूदे, तू नारळ घेऊन जा. आणि तिला एवढंच सांग: "आये, माका झोप येत नाय, जेवण जात नाय. कॉलेजात एक मॅडम आसत, त्येंच्याकडे मंगळवारी जातंय." गट, थेरपी, समुपदेशन यातला एकही शब्द वापरायची गरज नाही. लेकीला जेवण जात नाही हे आईला कळतं. बाबांच्या मोहराचं तुला किती लागलंय, तेही कधीतरी कळूदे तिला. तुझी फी जड झाली म्हणून ती रडलेली तू पाहिली आहेस का? पत्रात तरी तसं काही नाही. तो हिशोब तू एकटीनेच मांडून बसली आहेस.

केटीचं मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्यात बोलण्यासारखं फार नाही. फॉर्मची तारीख बघ, फॉर्म भर, झोप लागायला लागली की अभ्यासाला बस. त्याआधी पुस्तक उघडून त्याच पानाकडे तासभर बघत राहण्यात अर्थ नाही.

तर सोमवारी मॅडमकडे. आधी ती ओळ, मग तो मुलगा, मग नोंदींचे प्रश्न, याच क्रमाने. बोलायला जमलं नाही तर कागदावर लिहून ने आणि त्यांच्या हातात दे. आणि आंबोळ्यांचा तो डबा अजून तसाच पडला असेल तर आज घासून टाक. वास जात नसेल तर आमसूल भिजत घालून त्याने घास.